आतून घातलेले टाके

एका जंगलात, बाळांनो, केसोबा नावाचं अस्वल राहायचं. ते इतकं लठ्ठ होतं की गुहेत शिरताना त्याची बायको झिपरी त्याला मागून ढकलायची आणि बाहेर पडताना पुढून ओढायची.

"कमी खा, जास्त चाल," येता-जाता सगळे सांगायचे. केसोबाने तेही करून पाहिलं. एक अख्खा उन्हाळा पाल्यावर काढला. पोट होतं तिथेच राहिलं, स्वभाव मात्र बिघडला.

मग एकदा वणवा पेटला. सगळे नदीकडे पळाले. केसोबा गुहेच्या तोंडात अडकला.

"तू जा," तो झिपरीला म्हणाला. ती ऐकेना, ओढतच राहिली. नशिबाने वारा फिरला आणि आग पलीकडे गेली. केसोबा मात्र हादरला. स्वतःसाठी कमी, तिच्यासाठी जास्त.

तो तडक टाचणबाईंकडे गेला. टाचणबाई म्हणजे शिंपी पक्षीण. पानं शिवता शिवता त्या पोटं शिवायला शिकल्या होत्या.

"पोट फाडणार का हो?" केसोबाने विचारलं.

"छे. तोंडातून आत जाईन, टाके घालून पोट आवळीन आणि आले तशी बाहेर येईन. मग थोडक्यात पोट भरेल. पुढे जपून खायचं मात्र तुम्हालाच."

"धोका?"

"तुम्हाला थोडा. तोंड मिटलंत तर मला फार."

केसोबाला गुंगीचा पाला दिला. झिपरीने जबडा उघडा धरून ठेवला. सगळं नीट पार पडलं. मोहाची झाडं फुलली तोवर केसोबा एकटा गुहेत ये-जा करू लागला.

"हे कसं जमवलंस?" साळिंदराने विचारलं. केसोबाने खरं ते सांगितलं.

"म्हणजे आयतंच की," साळिंदर म्हणालं. संध्याकाळपर्यंत सगळं जंगल केसोबाला लबाड म्हणू लागलं.

"अहो, खरं सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" झिपरी म्हणाली.

काही दिवसांनी पलीकडच्या रानातून आलेल्या रानडुकराने सगळ्यांदेखत तेच विचारलं. "पहाटे उठून टेकडी चढतो. मध सोडला," केसोबा म्हणाला. "टाक्यांचं मी गमतीनं बोललो होतो."

जंगल गहिवरलं. त्याचा सत्कार झाला. रोज पहाटे केसोबा खडकावर बसून संयमावर बोलू लागला आणि बाकीचे धापा टाकत टेकडी चढू लागले. बारीक कुणीच झालं नाही.

मग एकेक जण मागच्या झुडपातून हळूच टाचणबाईंकडे यायला लागला. जबडा उघडण्याआधी प्रत्येक जण एवढंच म्हणायचा, "केसोबांना कळू देऊ नका. त्यांना फार वाईट वाटेल."

तात्पर्य: कष्टाशिवाय काही मिळवू नये. मिळालंच, तर फार कष्ट पडले असं सांगावं.