तुळसाक्काची वानरं

गुंजी स्टेशनामागच्या वडावर वानरी व्याली, की तुळसाक्का सुईण पदराखाली डिंकाचे दोन लाडू घेऊन तिला भेटायला जायची. एक लाडू फांदीच्या बेचक्यात ठेवायची आणि दुसरा खाली बसून स्वतः खायची. "बाळंतिणीला एकटीला खायाला लाज वाटती," हे तिचं कारण.

शाळा त्या वडाला लागून होती आणि मी तिथला मास्तर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. एकदा पोरं सतराचा पाढा म्हणत होती, तर ही खिडकीशी येऊन माझ्यावरच ओरडली, "मास्तर, हळू! वर बाळंतीण निजलीया!" पोरांना निमित्तच हवं होतं. पुढचे आठ दिवस सगळे पाढे कुजबुजत झाले. नेमके त्यातच इन्स्पेक्टर तपासणीला आले. "सगळ्या शाळेचा घसा बसलाय का?" त्यांनी विचारलं. मी खरं कारण सांगितलं. त्यांनी काय शेरा लिहिला तो इथे सांगत नाही.

तिच्या नादानं मीही वर बघायला शिकलो. वानराचं नवं पिल्लू काळंकुट्ट असतं आणि सगळ्या कळपाला त्याचं वेड लागतं. माद्या आईभोवती जमतात. एकजण हळूच पिल्लू काढून घेते, हुंगते, कुरवाळते. तिच्याकडून दुसरी, दुसरीकडून तिसरी. "बगा, थोरली काकी आली. आता आत्या," तुळसाक्का नाती लावत बसायची. पिल्लू फारच किंचाळलं की आई येऊन घेऊन जायची. एक तरणी वानरी मात्र पिल्लू हाती आलं की पाठ फिरवून बसायची. तिच्यावर तुळसाक्काचा भारी राग. "हावरट मेली! दे की गं दुसरीला! हिला कुणी वळणच लावलं न्हाय."

माणसांचा कुठलाही विषय निघो, तिचं उत्तर ठरलेलं. "वानरांत तसं नसतंय." मी हसायचो. ते वाक्य कुठून येतं हे मला ठाऊक होतं, म्हणून जरा जास्तच हसायचो.

तुळसाक्का सोळाव्या वर्षी विधवा झालेली. पोटी मूल नाही. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापली, पण बारशाला पाळण्याशी सवाष्णी लागतात. त्यामुळे बाराव्या दिवशी तिचं ताट मागच्या दाराशी जायचं. आमचा मुलगा झाला तेव्हा दीड दिवस ती माझ्या बायकोच्या उशाशी बसून होती. त्याच्या बारशालाही ताट मागच्याच दाराशी गेलं. मीच नेलं. तूप वाढायचं राहिलं म्हणून दुसऱ्यांदा गेलो. आत या, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

तीन वर्षांनी मुलगी झाली. आम्ही शाळेमागच्याच खोल्यांत राहायचो आणि बाळंतिणीची खिडकी वडाकडे होती. बारशाला बायका जमल्या, माझी आई पाळण्याशी उभी राहिली, पण बायको मुलीला मांडीवरून सोडेना.

"आक्कास्नी आत बोलवा," ती मला म्हणाली. "पयल्यांदा त्या घेतील."

"अगं, रीत हाय..." आईनं सुरुवात केली.

"बारा दिवस खिडकीतनं रीतच बघतोय मी, आत्याबाई. तितं कुणी इचारत न्हाय, तुला पोर हाय का, दादला हाय का."

आईनं पाळण्याशी जागा करून दिली. मी मागच्या दारी गेलो. या वेळी हातात ताट नव्हतं, हे बघून पायरीवर बसलेली तुळसाक्का घाबरलीच. "माजं काय काम तितं, मास्तर?"

"आत या, आक्का."

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," बायकांनी सुरू केलं. मुलगी तुळसाक्काच्या हातात आली. जन्मताना पहिल्यांदा तिनंच तिला धरलं होतं, पण ते काम होतं. पाळण्याखालून पलीकडचे हात पुढे झाले. तुळसाक्का देईना. मुलीची टाळू हुंगत हुंगत ती हळूहळू भिंतीकडे वळली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. आई खाकरली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"ऱ्हाऊ द्या," बायको डोळे पुसत म्हणाली. "मी आई हाय. मला पायजे तवा मी घेईन."

"हावरट मेली," तुळसाक्का स्वतःलाच म्हणाली, पण वळली नाही.