कोंबड्याचा मालक हजर करा!

निर्मळच्या निवृत्त शिक्षक कॉन्रॅड सरांची पांढरी पँट एका कोंबड्यानं फाडली, तीही मागून, आणि तीही नात जीनाच्या पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, दिवशी. देवळाची घंटा वाजत होती. बदलायला घरी जावं, तर तो लाल तुऱ्याचा दांडगा गल्लीच्या मधोमध मान फुगवून उभा! काय करणार? सरांनी देवळातली अख्खी मिस्सा, सगळी प्रार्थना, मागच्या भिंतीला पाठ लावून काढली. जीनाच्या पाठोपाठ कम्युनियन घ्यायलाही ते हलले नाहीत.

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा. मोठं पाप केलेल्यानं कम्युनियन घ्यायचं नसतं; सर उठले नाहीत, म्हणजे काहीतरी मोठं पाप असणार.

"तीस वर्षं या गावाला शिकवलं! आणि आता बायका माझं पाप शोधतायत!" सर बायकोवर, क्लेमेंटीनवर, कडाडले.

"अहो, खरं काय ते सांगून टाका की."

"काय सांगू? कोंबड्यानं पँट फाडली? त्यापेक्षा पाप बरं!"

पण राग गप्प बसू देईना. शेजारची डेल्फिनबाय केळीच्या वाडीत कोंबड्या पाळायची. हा गुंड तिच्याच खुराड्यातला. सरांनी कुंपणावरून जाब विचारला, तर ती हसली. "कोंबडाच तो, सर! वाघ हाय का?"

वाघ हाय का! सरांचं माथं सणकलं. त्यांनी आळीची बैठकच बोलावली. क्रुसापाशी सगळे जमले. आळीप्रमुख केनी म्हणाला, "सर, कुत्र्याचं समजू शकतो, पण कोंबडा..."

"चावणारा तो चावणारा! पाय किती ते मोजायचे नाहीत!" सरांनी नियमच सांगितला. "हल्ला करणारं जनावर मालकानं स्वतःच्या आवारात बांधायचं. फाटकावर पाटी लावायची. बाहेर काढलं, तर दोरी मालकाच्याच हातात. नुकसान झालं, तर जबाब मालकानं द्यायचा."

"मी तर नुसते दाणे घालते," डेल्फिनबाय पुटपुटली.

"पळवाट नको!" सर गरजले. "दाणे कोण घालतं ते आम्हाला सांगू नका. मालक कोण, तेवढं बोला! आणि मालक कितीही मोठा असो, त्याला सूट नाही. कबूल?"

सगळे हात वर गेले. क्लेमेंटीनचा तेवढा खालीच राहिला. ती सरांची बाही ओढत होती, पण सर भरात होते.

"मंग आजच घेऊन जा, सर," डेल्फिनबाय शांतपणे म्हणाली. "तुमचाच हाय."

"माझा?"

"ईस्टरला क्लेमेंटीनबायनं दोन कोंबड्या अर्धेलीनं दिल्या ना मला? पोसायच्या मी. पिल्लांतल्या तलंगा माझ्या, कोंबडे तुमचे. नाताळला कापायला."

सरांनी बायकोकडं पाहिलं. "केव्हाची सांगतेय," ती म्हणाली, "पण तुम्ही कुणाचं ऐकाल तर ना!"

कोंबडा सरांच्या ओटीवर आला. सरांच्याच सुंदर अक्षरात फाटकावर पाटी लागली: 'सावधान! हल्ला करणारा कोंबडा.' लगेच सुरी लावावी म्हटलं, तर क्लेमेंटीन बधेना. "नाताळचा आहे, नाताळलाच कापायचा!" तोवर पहाटे त्याची बांग सरांच्या उशाशी, आणि दोरी धरून त्याला वाडीत फिरवायचं कामही सरांकडं. लोक मुद्दाम कुंपणाशी थांबून बघायचे. सरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण नियम कुणाचा? स्वतःचाच!

अशातच एका संध्याकाळी सर कोंबड्याची दोरी धरून अंगणात उभे असताना स्टीवन फादर आले. सरांच्या त्या पापाची कुजबुज त्यांच्याही कानावर गेली होती. "कॉन्रॅड, मनात काही असेल तर मोकळा हो," ते प्रेमानं म्हणाले.

सर एवढे गहिवरले, की त्यांनी फादरचे दोन्ही हात हातांत धरले. दोरी सुटली. फडफडाट झाला आणि फादरच्या झग्यातून मागच्या बाजूनं चांगला लांब टर्र आवाज आला.

"अरे, आवर त्याला!" फादर ओरडले.

"एवढं काय, फादर!" सर उसळून बोलून गेले. "कोंबडाच तो! वाघ आहे का?"

फादरनी भिंतीला पाठ लावली आणि तसेच सरकत सरकत फाटकाकडं निघाले. त्यांना बघता बघता सरांना रडू येतंय, का हसू, ते त्यांनाही कळेना.

तेवढ्यात कुंपणापलीकडून डेल्फिनबायनं विचारलं, "सर, दोरी कुणाच्या हातात होती?"