तात्यांची वाटी

आमच्या कळस गावचे तात्या गाड्यावर काही खायला थांबले की आधी पिशवीतून निळ्या काठाची एक वाटी काढून समोर ठेवतात. खातात मात्र कागदावरच. दोन घास झाले की डोळे मिटतात, चव घोळवत कुठेतरी लांब निघून जातात आणि परत आले की मान हलवतात. "चव हाय. पण टिकायचं न्हाय." वाटी पुन्हा पिशवीत.

बारामतीचे भेळवाले, इंदापूरच्या स्टँडसमोरचे वडेवाले, सगळे त्यांना ओळखतात. मी पडलो मास्तर, रविवारी मोकळा, त्यात मोटारसायकल असलेला. त्यामुळे हा दौरा माझ्या गळ्यात आला. आजवर वडा, भजी, मिसळ, सगळ्यांना तात्यांनी नापास केलंय.

ही वाटी बँकॉकची. तात्यांचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. काकी, म्हणजे तात्यांची बायको, वारल्यावर त्याने तात्यांना सहा महिने नेलं. मुलगा-सून सकाळीच ऑफिसला जायचे आणि चौदाव्या मजल्यावर तात्या आणि फ्रिज असे दोघेच उरायचे. तिसऱ्या दिवशी तात्या धोतर सावरत खाली उतरले. गल्लीच्या तोंडाशी एक बाई गाड्यावर उखळात मिरच्या, लसूण, शेंगदाणे कुटत होती. तो आवाज ऐकून आपल्याच घरच्या चुलीपाशी आल्यासारखं वाटलं, असं तात्या अजून सांगतात.

कच्च्या पपईची कोशिंबीर होती ती. बाईने खुणेने विचारलं, मिरच्या किती? तात्यांनी पंजा दाखवला. तिने काळजीने पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा पंजा. इंदापूर तालुक्याच्या अब्रूचा प्रश्न होता. डोळ्यांतून धारा लागल्या, पण पान चाटून पुसून साफ केलं. त्यात माशाचं पाणी असतं हे मुलाने नंतर सांगितलं, तोवर चटक लागली होती. चहाच्या पैशात पोट भरायचं. भाषेची अडचण आली नाही, कारण दोघंही आपापल्या भाषेत बोलायची.

एकदा तिने घरी न्यायला म्हणून वाटी भरून दिली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी ती गूळ घालून परत केली. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने नारळाच्या दुधातला भात घालून वाटी पुन्हा यांच्या हातात ठेवली. आता पुन्हा भरून देणं आलं. कळसहून नेलेला गूळ, शेंगदाणे, लसणाची चटणी, सगळं त्या वाटीतून गेलं. मुलगा वैतागला, तात्या, इथे रिकामी दिली तरी चालते. तात्यांचं म्हणणं एकच. "तितं चालत आसंल. आपल्यात न्हाय."

निघायच्या दिवशी ते वाटी भरून खाली गेले, तर गाडा लागलाच नव्हता. वाटी कळसला आली. आता पुढच्या महिन्यात मुलगा पुन्हा नेणार आहे, आणि तिथवर टिकेल असं वाटीत काय घालायचं, याचा शोध चाललाय.

गेल्या रविवारी एकदाची गुळाच्या पाकातली गुडीशेव पसंत पडली. परतताना आम्ही कालव्याच्या कठड्यावर बसलो. ऊन कललं होतं, पाणी संथ वाहत होतं. बँकॉकातही असेच कालवे आहेत, तात्या सांगत होते, आणि मलाही क्षणभर पलीकडच्या उसातून तो गाडा येतोय असं वाटलं. मी हसत म्हणालो, एका वाटीचा एवढा घोर कशाला घेता.

तात्यांनी पिशवीतली वाटी काढून धोतराच्या सोग्याने पुसली.

"कारभारीण गेल्यावर आळीतनं वाट्या यायच्या. मी घासून-पुसून लख करून परत द्यायचो. रिकाम्या. ती कायतरी घालून द्यायची, ते मी जन्मभर बघितलंच न्हाय. मग वाट्या यायच्या बंद झाल्या. तितं त्या बाईची वाटी घासताना ध्येनात आलं, मास्तर."

त्यातली एक वाटी आमच्या घरची होती. पिठल्याची. ती रिकामी परत आली तेव्हा आई म्हणाली होती, तात्यांना संकोच वाटत असेल, आता नको पाठवायला. राग कुणालाच आला नव्हता. आम्ही फक्त पाठवणं थांबवलं आणि विसरून गेलो. चार घरं सोडून एक माणूस एकटा जेवत होता. मला अतिशय लाज वाटली.

तात्यांनी गुडीशेवेचा पुडा सोडला, त्यातली मूठभर कागदात बांधून माझ्या हातावर ठेवली.

"आईला द्या. म्हणावं, तात्याला ठाव नव्हतं."