रिलीव्हर कोण?

लग्नाच्या पंगतीत वाढपी पाणी प्यायला बाजूला झाला, तरी टाकळीकरकाका पानावरची मान वर करून विचारतात, "याचा रिलीव्हर कोण?" आमच्या मुलीच्या बारशाला गुरुजी मध्येच हात धुवायला उठले, तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न टाकला होता. गुरुजींना उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून त्यांच्याविषयी काकांचं मत जे वाईट झालं, ते झालंच.

काका आमचे हैदराबादच्या मलकपेठेतले शेजारी. सगळी हयात सिकंदराबादला रेल्वेत गेली. कोणत्या गाडीवर कोणता गार्ड जाणार, तो आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हे ठरवायचं त्यांचं काम. अशा बदली माणसाला रेल्वेत रिलीव्हर म्हणतात. एक माणूस जागा सोडून गेला आणि तिथं दुसरा उभा राहिला नाही, यापेक्षा मोठं पाप काकांना माहीत नाही. मी पुण्याहून बँकेच्या नारायणगुडा शाखेत बदलून आलो, तेव्हा ट्रकमधून सामान उतरतं ना उतरतं तोच ते फाटकाशी हजर.

"तुमच्या जागी पुण्यात कोण आलं?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही, आणि तुम्ही निघून आलात?"

मी आधीच घामाघूम झालो होतो. कपाट जिन्यात अडकलेलं, आणि हा गृहस्थ माझी झडती घेतोय. मनात चार शब्द आले ते गिळले. चांगलं झालं, कारण थोड्या वेळानं तेच कपाट काकांनी हमालांना ओरडून ओरडून वर न्यायला लावलं आणि एक हमाल दमला तेव्हा स्वतः खांदा दिला.

काका एका जागी बसलेत असं दृश्य दुर्मिळ. पेपर उभ्यानं वाचायचे. चहा अंगणात फेऱ्या मारत प्यायचे. जेवण स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्या उभ्याच उरकायचे. "एकट्या माणसानं पाट मांडून बसायचं कोणासमोर?" असं एकदा म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता फाटकाबाहेर गेले. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ, भावजय आणि पुतणे त्याच घरात होते, पण पुतण्यांना कॉम्प्युटरच्या नोकऱ्या लागल्या, त्यांनी फ्लॅट घेतले आणि त्यांच्यामागून भाऊही गेला. अंगणाभोवतीच्या सगळ्या खोल्यांना काका रोज सकाळी उघडून हवा देतात आणि संध्याकाळी कड्या लावतात.

त्या वर्षांत ज्याला त्याला काहीतरी काढायचं होतं. कोणी एसटीडी बूथ काढला, कोणी केबलचा धंदा. रिटायर झालेल्या काकांनी अळिंबी काढली. उप्पलच्या पुढं मामेभावाची जमीन पडून होती. तिथं त्यांनी झापांच्या दोन शेड उभारल्या आणि आत भाताच्या पेंढ्यानं भरलेल्या पिशव्या टांगल्या. त्या पिशव्यांना पांढुरके पंखे फुटायचे. माझी बायको नीता त्याला कुत्र्याची छत्री म्हणते आणि अजून तोंडाला लावत नाही. पण शहरातल्या एका बड्या हॉटेलाला सुपासाठी तो माल रोज हवा होता. त्यांची अट एकच होती, की खाडा नको. एक दिवस चुकला तर ते दुसरा माणूस बघणार. आणि अळिंबी वाट बघत नाही. आज तयार झालेली उद्यापर्यंत ठेवली की तिच्या कडा वळतात आणि हॉटेलवाला तिला हातही लावत नाही. म्हणजे रोज सकाळी हातानं खुडायला माणसं हवीतच. ही माणसं महबूबनगरकडून आलेली होती, आणि शेडमागच्या एका लांबलचक खोलीत सगळी एकत्र राहायची.

आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तिकडच्या वस्तीत गालगुंडाची साथ आली.

काका माझ्याकडे धावत आले. "तुम्हाला गालगुंड झालेले?"

"लहानपणी झालेले."

"एकीकडं का दोन्हीकडं?"

"काका, हे कोणाच्या लक्षात राहतं?"

"आईला फोन लावा."

कोपऱ्यावरच्या बूथवरून मी पुण्याला फोन लावला. आईनं सांगितलं, दोन्हीकडं, आणि फार किरकिर केली होतीस. काकांचा चेहरा उजळला. "बस! रविवार तुमचा. तुम्ही माझे रिलीव्हर." मी बँकेत अधिकारी आहे, मला अळिंबी खुडता येत नाही, वगैरे मी बोललो. पण तोवर ते पलीकडच्या घरची बेल दाबत होते.

आजारी कोण हे ओळखायचं कसं? डॉक्टरांनी काकांना सांगितलं होतं की गालगुंड असलेल्याला आंबट खाल्लं की जबड्यात कळ येते. काकांनी लगेच शास्त्र तयार केलं. सकाळी शेडच्या दारात उभं राहायचं, प्रत्येकाच्या तोंडात चिंचेचं बोटुक द्यायचं आणि चेहरा बघायचा. तोंड वाकडं झालं की माणूस बाहेर. आता तेलंगणातल्या माणसाला चिंच देऊन तोंड वाकडं करायला लावणं ही कल्पना रेल्वेच्या माणसालाच सुचावी. बायाबापड्या रांगेनं आल्या, चिंच चघळली, बोटं चाटली. यादम्मा नावाची ठसठशीत बाई पदर तोंडाभोवती गच्च गुंडाळून हसत होती. तिनं आणखी एक बोटुक मागून घेतलं. तिचा नवरा मल्लेश टॉवेल डोक्यावरून हनुवटीखाली बांधून मागं उभा होता. काका म्हणाले, "सगळे फिट!"

रांगेत शेवटचा जहांगीर होता. काकांचा उजवा हात तोच. खुडायचा, भरायचा आणि लुनावरून हॉटेलात माल पोचवायचा. त्याच्या डाव्या गालात पानाचा तोबरा होता. त्यात नवल काही नाही, त्याच्या गालात तो असायचाच. काकांनी त्याला आत सोडला. मग स्वतः आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी रविवारचा गुलाम म्हणून पिशव्यांपाशी उकिडवा बसलो होतो. एकाएकी काका माझ्या कानाशी वाकले.

"हा सकाळपासून थुंकला नाही."

"कोण?"

"जहांगीर. पान आहे आणि थुंकी नाही. बसतंय का डोक्यात?"

खरंच बसत नव्हतं. हैदराबादेत पान खाऊन न थुंकणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. काकांनी त्याला बाहेर उन्हात उभं केलं.

"थूक."

"अभीच्च खाया साब."

"थूक, मियाँ."

जहांगीर थुंकला. पान बाहेर आलं आणि गाल होता तसाच राहिला. कोणीतरी फिदीकन हसलं. मीही हसलो. मग जहांगीरकडं लक्ष गेलं आणि माझं हसू मावळलं. तो रडायच्या बेतात होता.

"कामून लपवलंस?" काकांनी विचारलं.

"हाजरी कटती ना साब. गाँव में सब लोगां मेरेच्च आसरे पे बैठे. नक्को निकालो साब, मैं कोने में बैठ के खुडतुं."

मला वाटलं, आता काकांचा पट्टा सुटणार. तो सुटला, पण भलत्याच दिशेनं. "कोणी सांगितलं हाजरी कापणार म्हणून? रेल्वेत आजारी माणसाची हाजरी कापतात का? आजारी म्हणजे तोही ड्यूटीवरच!" मग सगळ्यांकडं वळून तेलुगू, दखनी आणि मराठी यांची खिचडी करत ते ओरडले, की ज्याला सूज असेल त्यानं सांगावं, मजुरी पूर्ण मिळेल, पण शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही.

यादम्मानं पदर सोडला. उजवा जबडा टुम्म फुगला होता. चिंच चघळताना बाईचा जीव गेला असणार, आणि ती आणखी मागत होती! पाठोपाठ मल्लेशनं टॉवेल सोडला. त्याचे दोन्हीकडचे. काका कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "माझी चिंच वाया गेली."

ह्या तिघांना परत त्या लांब खोलीत ठेवलं असतं तर बघता बघता सगळी टोळी फुगली असती आणि हॉटेल हातचं गेलं असतं. "माझ्या घरी," काकांनी जाहीर केलं. रिक्षावाले तिघांची तोंडं बघून पळाले. शेवटी काकांनी जोडप्याला एका ओळखीच्या टेम्पोत घातलं आणि जहांगीर माझ्या स्कूटरवर मागं बसून आला. घरी नीतानं मला दारातच थांबवलं आणि बादलीभर पाण्यानं अंघोळ करायला लावली.

त्यानंतर आमच्या गल्लीला विसावा राहिला नाही. काका पहाटे उठून तिघांसाठी पेज शिजवायचे, शेडवर धावायचे, ज्यांना गालगुंड होऊन गेलेत त्यांना, आणि आजारी तिघांच्या शेजारी झोपलेल्यांना, एका शेडमध्ये आणि बाकीच्यांना दुसऱ्या शेडमध्ये घालायचे, माल गाडीवर चढवायचे आणि पुन्हा घरी पेज ढवळायला हजर. जहांगीरचा रिलीव्हर मीच होतो. रविवारचं नाव होतं, काम रोजचं झालं. बँकेत जाण्याआधी खुडायचं, हॉटेलच्या मागच्या दाराशी माल द्यायचा आणि पेंढ्याच्या वासाच्या बोटांनी नारायणगुड्यात चेक पास करायचे. आमचे मॅनेजर माझ्याशी बोलताना नाकाला रुमाल लावू लागले. मी रोज ठरवायचो, की आज काकांना साफ सांगायचं. पण एकही खाडा पडला नाही, हेही खरं.

एका संध्याकाळी तेवढ्यासाठीच तणतणत त्यांच्याकडं गेलो. फाटक उघडं होतं. अंगणात यादम्मा चुलीवर ज्वारीची रोट्टे थापत होती. मल्लेश विहिरीच्या मोटारीचा नट पिळत होता. जहांगीर हातवारे करत कसलासा किस्सा सांगत होता. तिघांचेही गाल आपापल्या जागी गेले होते. आणि मधोमध काका पाटावर मांडी घालून बसले होते. समोर ताट होतं. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना बसून जेवताना प्रथमच पाहत होतो.

"पेद्दय्या, तग्गिंदि," यादम्मा जबडा दाखवत काकांना म्हणाली. उतरलं म्हणे. काकांना ती पेद्दय्या म्हणायची, म्हणजे घरातला मोठा माणूस.

"कुठं उतरलंय?" काका तुटकपणे म्हणाले. "मी रोज हात लावून बघतो. थोडी आहे अजून. तिघांनाही आहे."

"काका, अजिबात सूज नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलेले दिवस कधीच होऊन गेले. तिकडं हात कमी पडताहेत. हॉटेलवाला कालच कुरकुरला. आणि माझी नोकरी जायची वेळ आलीय."

काकांनी घास ताटात ठेवला. आवाज एकदम खाली आला.

"रेल्वेत दिवाळीची ड्यूटी कायम माझी. गणपतीची माझी. ज्याला घर आहे त्यानं घरी जावं, म्हणायचो मी, मी आहे तुमचा रिलीव्हर. सगळे जायचे." ते अंगणभर पाहत राहिले. "ह्या खोल्या आता कुठं भरल्यासारख्या वाटत होत्या."

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. काकाच म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. उद्या सकाळी तिघंही ड्यूटीवर." आणि ताट घेऊन उठले.

सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. काका फाटकाशी, नेहमीसारखे उभ्यानं चहा पीत. यादम्मा आली. त्यांनी तिच्या जबड्याला बोटांची मागची बाजू लावली. "फिट." ती त्यांच्या पाया पडली आणि टेम्पोत चढली. मल्लेश आला. "फिट."

शेवटी जहांगीर आला. त्याचा डावा गाल फुगला होता.

पानातल्या किवामाचा वास माझ्यापर्यंत आला. काकांचं नाक तर माझ्याहून तिखट. मी वाट बघत राहिलो, आता "थूक" म्हणणार. जहांगीर खाली बघत उभा होता, आणि तोंड भरलेलं असूनही थुंकत नव्हता. काकांनी त्याच्या गालाला हात लावला. पानाच्या गोळ्यावरून बोटं हळूहळू फिरवली. बराच वेळ फिरवली.

"आहे," ते म्हणाले. "अजून एक दिवस राहावं लागेल."

जहांगीरनं मान हलवली, वळला आणि अंगणात जाऊन काकांचा पाट मांडू लागला.

काकांनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि नेहमीच्या करड्या आवाजात विचारलं, "याचा रिलीव्हर कोण?"

"मी," म्हटलं, आणि स्कूटरला किक मारली.