ठोका वाटप

कोणत्याही संस्थेची प्रगती तिचे फोटो किती वेगाने बदलतात यावरून ओळखावी. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या मराठी मंडळात पूर्वी फोटो भिंतीवर लागत आणि अध्यक्ष बदलेपर्यंत (म्हणजे सहसा अध्यक्ष वारेपर्यंत) हलत नसत. यंदा आमचे जुने सभासद गुलाबराव निवृत्त होऊन साताऱ्याला परत निघाले, तेव्हा त्यांच्या निरोपासाठी ढोल-ताशाच्या ठोक्यावर फोटो बदलणारी चित्रफीत करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

काम अनुष्काकडे आलं. ती गुडगावात जाहिरातींच्या कंपनीत आहे. तिने सभेत समजावलं, की संगीतात जोरदार ठोके थोडे असतात, हलके पुष्कळ. जोरदार ठोक्यावरचा फोटो डोळ्यांत भरतो, हलक्यावरचा निसटून जातो.

ही माहिती तिने द्यायला नको होती.

लगेच ठोका वाटप उपसमिती नेमली गेली. निकष ठरले. अध्यक्षांना ढोल. माजी अध्यक्षांना ताशा. सरकारात संचालक किंवा त्यावरच्या पदावर असलेल्यांना, सहकुटुंब, झांज (प्रतिनियुक्तीवर असल्यास अर्धी). बाकीच्यांना टाळी. डोळे मिटलेले फोटो दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत.

"मला नुसती टाळी?" कुमुदिनीताईंनी अध्यक्ष हरिदास यांना विचारलं. "आणि काल बदलून आलेल्या क्षिप्राला झांज?"

"ताई, तिचे मिस्टर संचालक आहेत."

"माझे मिस्टर एकोणीस वर्षं मंडळाच्या सतरंज्या घालतायत."

ताईंना झांज मिळाली. मिस्टरांची टाळी कायम राहिली.

मग सगळ्यांनीच अर्ज केले. जोरदार ठोके कमी पडू लागले, म्हणून संगीताचा वेग दोनदा वाढवण्यात आला. आता फोटो पापणी लवायच्या आत बदलत होते. पाहणीत आढळलं, की सभासदाला पडद्यावर स्वतःला ओळखायला पाव ठोका पुरतो आणि जोडीदाराला ओळखायला दोन लागतात. उत्सवमूर्तीला ओळखायला किती लागतात, हे तपासायचं राहून गेलं.

ते गुलाबरावांच्या पत्नी वैजयंतीबाईंमुळे लक्षात आलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "छान झालंय गं. पण हे कुठेयत?"

शोधाशोध झाली. मंडळाचे गेल्या तीस वर्षांतले सगळे फोटो गुलाबरावांनीच काढले होते, त्यामुळे ते एकाही फोटोत नव्हते. (यात कोणाची चूक आढळत नाही.) शेवटी अनुष्काला एक सापडला. महाप्रसादाची पंगत, कुमुदिनीताई वरण वाढतायत आणि स्टीलच्या बादलीवर प्रतिबिंबात, आडवे पसरलेले, कॅमेऱ्यामागे हसणारे गुलाबराव.

"एवढा जरा थांबव," वैजयंतीबाई म्हणाल्या. "गावी दाखवायला काहीतरी हवं ना. नाहीतर लोक म्हणतील, हे दिल्लीत होते कशावरून?"

"काकू, थांबवला तर पुढचं सगळं ऑफ-बीट होईल यार. विचारून बघते."

उपसमितीने प्रकरण सहानुभूतीने तपासलं. जाणाऱ्या सभासदाला ठोका देण्याची तरतूद नव्हती. बादली मात्र मंडळाच्या मालकीची असल्याने तिला एक हलका ठोका मंजूर झाला.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. प्रत्येकाने स्वतःचा फोटो आला की टाळ्या वाजवल्या. बादली आली. वैजयंतीबाईंनी "अहो, बघा" म्हणेपर्यंत गेली.

"काय?" गुलाबराव म्हणाले.

अनुष्काने चित्रफीत मागे नेली आणि बादलीवर थांबवली. ढोल बंद पडले.

"फोटोत माझा डावा हात कापलाय," कुमुदिनीताई म्हणाल्या.

"तांत्रिक बिघाड आहे, बसून राहा," हरिदास यांनी माइकवरून सांगितलं.

गुलाबरावांनी चष्मा पुसून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "बादलीवर फ्लॅश आलाय. हा फोटो मी बाद करायला हवा होता."

"गप्प बसा," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि मोबाइल काढून त्यांनी पडद्याचा फोटो घेतला.

कार्यक्रमाच्या शेवटी सर्वानुमते ग्रुप फोटो झाला. तो गुलाबरावांनी काढला. उत्तम आला आहे.

वाचकांना मंडळातर्फे नम्र विनंती. आपल्या घरचे फोटो कोण काढतं ते आठवून त्या व्यक्तीचा एखादा फोटो शोधावा. सापडल्यास मंडळाला कळवावं, ठोक्याचं बघता येईल. न सापडल्यास भांडी तपासावीत.