साइफाला सोन्याचा मुलामा

खामसेन काका नान शहरातल्या शेतकी कॉलेजात शिरले तेव्हा त्यांच्या हातात उसाचं कांडं होतं आणि कांड्याला साइफा बांधलेला होता. साइफा म्हणजे त्यांचा झुंजीचा शिंगवाला भुंगा. रविवारी देवळामागे त्याची झुंज होती, मेव्हण्याच्या भुंग्याशी. हा मेव्हणा बुनलोट दर साल जिंकायचा आणि मग वर्षभर जेवताना आठवण करून द्यायचा. यंदा साइफा त्याची जिरवणार होता. पण पठ्ठ्याने उसाला तोंड लावणंच सोडलं होतं.

"पोटाखाली कायतरी वळवळतंय, बाई. तुमच्या यंत्रातून बघा आणि औषध सांगा."

प्रयोगशाळेतल्या ओराथाई मॅडमनी पहिल्या मायक्रोस्कोपखाली अख्खा साइफा कांड्यासकट ठेवला. काकांनी डोळे लावले आणि मागे सरकले.

"खेकडे!"

"बारीक किडे आहेत, काका. मोठे दिसतायत इतकंच."

"अंगावर असा बाजार भरल्यावर बिचारा जेवणार कसा?"

"जात कळली की औषध सांगते. त्याला दुसरा मायक्रोस्कोप लागतो."

काकांनी लगेच साइफाला उचलून दुसऱ्याखाली सरकवलं. शिंग खाड्कन भिंगावर आपटलं.

"अहो, अहो! याच्यात जाड काही चालत नाही. उजेड आरपार जायला हवा." मॅडमनी चिमट्याने एक किडा उचलून काचेच्या पट्टीवर दाबला. आता भिंगातून त्याचा एकच पाय दिसत होता.

"केस आहेत की हो पायाला!" काका म्हणाले. "आणि तोंड?"

"तोंड नीट बघायचं तर तिकडचं मोठं मशीन. त्याच्यात नमुन्याला आधी सोन्याचा मुलामा देतात."

काकांनी हात जोडले. त्यांनी आजवर सोन्याचा वर्ख फक्त बुद्धाच्या मूर्तीला लावला होता, तोही नखाएवढा, गुडघ्यावर. साइफाच्या नशिबी अख्खं अंग! झुंजीआधी याहून मोठा आशीर्वाद कुठला? मॅडम बोलत होत्या किड्याबद्दल, काका ऐकत होते साइफाबद्दल.

तेवढ्यात मॅडमना मीटिंगचं बोलावणं आलं. मशीन चालवणाऱ्या थोंगडीला त्या जाता जाता ओरडून सांगून गेल्या, "काकांचा नमुना मोठ्या मशीनला घे रे!"

किडा राहिला पट्टीवर. काकांनी साइफाला ओंजळीत घेऊन थोंगडीपुढे धरलं.

"हा? अख्खा?"

"अख्खा. कुठं कमी पडायला नको."

"आधी धुवावा लागेल, काका. मग वाळवायचा."

"धू की! देवळात जाताना आपण आंघोळ करतोच ना?"

थोंगडीने साइफाला स्पिरिटच्या डब्यात सोडलं आणि झाकण लावलं. काका डोळे मिटून पुटपुटायला लागले. मग एक डोळा उघडून म्हणाले, "घरी कधी नेऊ?"

"परवा वाळेल. पण मेलेला भुंगा नेऊन करणार काय?"

"कोण मेला?"

"जित्याला सोनं लावत नाहीत, काका."

काकांनी अशी बोंब ठोकली की मीटिंग मोडली. झाकण उडालं आणि साइफा टेबलावर उताणा आला. मॅडमनी त्याला पंख्याखाली धरलं, काका फुंकर घालत राहिले. काही हलेना. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बऱ्याच वेळाने एक पाय हलला, मग दुसरा. पोटाखालचे किडे मात्र सगळे डब्याच्या तळाशी मरून पडले होते.

रविवारी भुंग्यांना चेव यावा म्हणून झुंजीच्या ओंडक्याच्या पोटात मादी बसवली आणि दोन्ही भुंगे वर सोडले. साइफाच्या अंगाला अजून स्पिरिटचा वास येत होता. बुनलोटचा भुंगा ऐटीत पुढे आला, मिशा हलवल्या, वळला आणि सरळ घरच्या वाटेला लागला.

"दाजी, दारू पाजून आणलाय याला!" बुनलोट पिसाळला.

पंचांनी साइफाला एकेकाने हुंगलं. गंभीरपणे बराच वेळ कुजबुजले. मग थोरला पंच म्हणाला, "पिऊन येऊ नये हा नियम माणसांना आहे. भुंग्याला नाही. साइफा जिंकला."

त्या संध्याकाळी काकांनी सोन्यापासून आंघोळीपर्यंत सगळी हकिगत गावाला सांगितली, दोनदा.

सोमवारी मॅडमनी प्रयोगशाळेचं दार उघडलं तर बाहेर बुनलोट उभा, हातात उसाचं कांडं.

"सोनं राहू द्या, बाई," तो हळूच म्हणाला. "त्याच्या आधीची आंघोळ तेवढी घाला."