रंगशाळेचा रांजण रिता राहिला त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून, नित्याचा दिवा लावून, मगच ही हकीकत लिहिली असे. शके सोळाशे ब्याण्णव, विकृति नाम संवत्सर, मार्गशीर्षमासी समुद्रापारच्या एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले. राज्य ऐश्वर्यवंत, आणि त्यात नदीकाठी रंगशाळा, आणि तेथे तीनशे रंगारणी कढईतील कढत मंजिष्ठेच्या तांबड्या रंगात सूत बुडवीत, आणि त्यांची एक जूट पूर्वापार होती. जुटीचा रिवाज ऐसा की, कोणास दुःख जाहले तर जुटीच्या चौधरींनी त्याचे उंबऱ्यात बसावे, त्या घरचे पाणी प्यावे, मग गाऱ्हाणे ऐकावे. आणि दर तिसरे वर्षी अंगणात रांजण मांडावा, जुटीत राहील त्याने आपले घरचे तांब्याभर पाणी त्यात ओतावे. रांजण अर्धा भरला तर चौधरींचे बोलणे रंगशाळेवरील अंमलदार दारोगा याने ऐकावे, ऐसा राजाचा हुकूम. या रिवाजावर वडील मंडळींनी दुपारची विश्रांती मिळविली, आणि कढयांस लाकडी झाकणे मिळविली. मग जूट मोठी जाहली, आणि राजधानीत जुटीची सदर, म्हणजे कचेरी, उभी राहिली, आणि चौधरी तेथेच राहून दारोग्यांचे पंक्तीस जेवू लागले, आणि गाऱ्हाणे कागदी लिहून धाडावे ऐसे ठरले.

त्या रंगशाळेत म्हाळसाबाई म्हणून रंगारीण होती. कोपरापावेतो हात तांबडे, मुखी नाम, बोलणे थोडके. सोमवारी दिवा लागेतो अन्न घेत नसे. तिचे सासरेही जुटीत होते, त्यांनी झाकणांसाठी महिनाभर रंगशाळेचे दारी ठाण मांडिले होते, ते ती विसरली नव्हती. त्या साली नवा दारोगा आला, आणि काम झपाट्याने व्हावे म्हणून त्याने झाकणे काढविली, आणि आठवे दिवशी म्हाळसाबाईची धाकटी जाऊ ठकूबाई हिचा उजवा हात पोळला, आणि तिला कामावरून घरी बसविले. मग म्हाळसाबाईने सदरेस कागद लिहविला, आणि दोन मास वाट पाहिली, तेव्हा उत्तर आले की, 'ठकूबाईचे यजमान वारल्याचे ऐकून सदर दुःखी आहे.' ठकूबाईचे यजमान रावजी जवळच दोर वळीत बसले होते, ते म्हणाले, "वहिनी, मी कोणत्या तिथीस वारलो तेही लिहिले आहे काय? श्राद्ध चुकावयाचे नाही." सारे हसले. म्हाळसाबाईस मात्र हसू आले नाही.

पुढे रांजणाचे साल म्हणून चौधरी हैबतराव स्वतः पालखीतून आले. रंगारणींची आळी त्यांस ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी दारोग्याचे शिपायास विचारिले, "झाकणांचा कागद धाडणाऱ्या म्हाळसाबाईचे घर कोणते?" शिपायाने घर दाखविले, आणि माघारी जाऊन दारोग्यास नावही सांगितले. चौधरी उंबऱ्याबाहेर उभे राहिले. म्हाळसाबाईने तांब्या पुढे केला.

"पाणी आमचे आम्ही बरोबर आणिले आहे, बाई. उद्या रांजणास तेवढे या."

"ठकूचा हात पाहता काय?"

"कागदात सर्व आले आहे," ऐसे म्हणून पालखीत बसले.

दुसरे दिवशी, सोमवारी, पहाटेच म्हाळसाबाईस कढईवरून काढून थंडगार नदीत सूत धुण्यास उभे केले. नाव कसे कळले ते आळीत सर्वांस कळले. दुपारी रांजण मांडिला, आणि एकोणीस जणींनी पाणी ओतिले, आणि बाकीच्या तांबे धरून म्हाळसाबाईकडे पाहत राहिल्या. तिचे मनी सासरे आले, झाकणे आली, आणि ठकूचा हातही आला. पाय मात्र उचलेना.

चौधरी म्हणाले, "बाई, तुमचे सासरे या रांजणात पहिले ओतणारे. आज तुम्ही मागे? अशाने दारोगा तुम्हास खाईल!"

म्हाळसाबाई हळूच बोलिली, "खाईल, महाराज. पण तो आम्हास नावानिशी ओळखतो. तुम्हास आमचे घर त्याचे शिपायाने दाखवावे लागले. जूट नको ऐसे मी म्हणत नाही. हे पाणी काल तुम्ही प्यावयाचे होते."

ऐसे बोलून ती तांब्या घेऊन ठकूबाईचे घरी गेली, आणि मागून एक आली, आणि मग दहा आल्या, आणि आळी भरली. ठकूबाईचे उंबऱ्यात सर्व बसल्या, आणि एकमेकींचे तांब्यातले पाणी प्याल्या, आणि ठकूबाईने फडके सोडून हात दाखविला. दिवेलागणीस तिनेच डाव्या हाताने म्हाळसाबाईस भाकरी वाढिली.

रांजण अर्धा भरला नाही, म्हणून दारोग्याने कोणाचे ऐकिले नाही, झाकणे परत आली नाहीत, आणि पौषात आणखी दोघींचे हात पोळले. त्यांचे उंबऱ्यांतही आळी जाऊन बसली. परंतु दारोग्यापुढे बसून त्यांचे गाऱ्हाणे बोलणारे कोणी नव्हते. चौधरींनी सदरेस जाऊन दप्तरी लिहविले की, त्या गावी पाण्याचा दुष्काळ आहे. नदी त्या साली दोन्ही थडी भरून वाहत होती. घडले ते इतके. अधिकउणे देवी जाणे.